बिनदिव्याची सायकल

अदेलिनो पुण्याहून रात्रीच्या बसने आला,
अडीच दिवसांसाठी, एक पाठपिशवी घेऊन.
वहीच्या शेवटच्या पानावर यादी:
जुनं गोवें, किल्ला, दीपगृह,
काजूची फेणी, नुसता वास, औषध चालू आहे.

पणजीच्या स्टँडवर पोलिसाने पासपोर्ट मागितला.
त्याचा. माझ्याकडे बघितलंही नाही.
अदेलिनोने तो वरच्याच खिशात ठेवला होता,
आपण सुटे पैसे ठेवतो तसा.

रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघताना
मी विचारलं, आधी समुद्र की आधी देऊळ?
समुद्र नको, म्हणाला,
हाच समुद्र मी पलीकडून पाहिलाय.
तिकडून तुम्ही दिसत नाही.

चोडणला आई दारातच होती.
"जेवलो मरे पुता?"
त्याला कळलं, किंवा भूक लागली होती.
हॉस्टेलात पहिल्या आठवड्यात
त्याच्याकडे आपले चारच शब्द होते,
साबण, चावी, बटाटा, पगार,
आणि चारही तो घरूनच घेऊन आला होता.
(फक्त पगार त्याच्याकडे द्यायचा असतो,
आपल्याकडे घ्यायचा.)

आईसाठी त्याने कापुलाना आणली,
केशरी मासे छापलेलं लांबरुंद कापड.
आईने ते अंगाला लावून पाहिलं, हसली,
आणि शिवणयंत्रावर घातलं.

आमच्या ओसरीवर, देवांच्या तसबिरी संपतात तिथे,
काचेमागे एक कागद आहे.
वर शिक्का, खाली सही,
मध्ये वाळवीने काढलेली एक नदी.
पणजोबांना सरकारने जमीन दिल्याची सनद,
असं बाबा सांगायचे, पाहुण्यांना, हात मागे बांधून.
अक्षरं लागतात आम्हाला. भाषा कुणाला येत नाही.
दसऱ्याला आई तिलाही एक झेंडू वाहते.

"वाच रे," आई म्हणाली.
त्याने चष्मा पुसला.
ओठ हलले, थांबले,
पुन्हा पहिल्या ओळीवर गेले.
आईने पदर खांद्यावरून ओढून घेतला,
गाभाऱ्यासमोर घेते तसा.

मग मराठीत, एकेक शब्द जपून खाली ठेवत,
"नाव आहे. सगुण बाबी मांद्रेकर. पूर्ण नाव.
राहणार चोडण."
"आणि जमीन?"
"अक्षर फार सुंदर आहे," तो म्हणाला.

संध्याकाळी फेरीबोटीच्या कठड्याशी,
इंजिनाचा आवाज सुरू झाल्यावर, सांगितलं.
दंडाची पावती.
रात्री दिव्याविना सायकल चालवली म्हणून
दोन रुपये चार तांगा,
न भरल्यास दोन दिवस कोठडी.

मी हसलो. तो आधी नाही.
मग इतका हसला की
शेजारच्या स्कूटरवरची बाई थोडी पुढे सरकली.
"आमच्या केलिमानेत सायकल म्हणजेच टॅक्सी.
माझे वडील मागे गिऱ्हाईक बसवून चालवतात.
आजोबाही चालवायचे.
असे कागद आमच्याकडे बिस्किटाच्या डब्यात आहेत,
पुष्कळ.
फ्रेम कुणाला सुचली नाही."
खारफुटीत काळोख भरत होता.
त्याने रुमाल काढला, घडी उलगडली,
पुन्हा तशीच घालून ठेवून दिला.

चर्च पाहिलं, किल्ला पाहिला,
फेणीचा वास घेऊन तो शिंकला.
दीपगृह राहिलं.
जाताना फोटो मागितला एकच,
आईबरोबर, ओसरीवर,
आणि थोडा डावीकडे सरकून उभा राहिला,
कागद दिसावा म्हणून.

सोमवारी पहाटे, काळोखातच, पदेर आला,
भोंगा वाजवत, मागे पावांची टोपली,
पुढे दिवा नाही.
आईने सहा पाव घेतले, त्याच्या सायकलकडे
जरा जास्तच वेळ पाहिलं.
"तुझा मित्र खोटं बोलत नाही," आत येता येता म्हणाली,
"नुसता थांबतो."
आणि चहा ठेवायला गेली.

मी स्टुलावर चढून काच पुसली.
मधल्या ओळीत एक आकडा आहे,
दोन.
तो तर मलाही वाचता आला असता.